रुमाल आणि गंगाळ : परिचारिकेच्या शिक्षणाचें पहिलें सत्र

(वाचावयाचा शास्त्रभाग : योहान १३:१–१७)



बारावीचा निकाल लागला म्हणजे भिंगारच्या व आसपासच्या खेड्यांतील मंडळ्यांतून कांहीं मुली, आणि हल्लीं कांहीं मुलगेही, नर्सिंगच्या शिक्षणास जातात. मंडळी त्यांजकरितां प्रार्थना करिते, आईबाप पेटी भरून देतात, आणि गाडी दृष्टीआड झाली म्हणजे सर्वांस वाटतें कीं आतां लेकराचें कल्याण झालें. परंतु सुटीच्या दिवसांत एखादी मुलगी घरीं येते ती मान खालीं घालून, आणि म्हणते कीं मला परत जावयाचें नाहीं. अशा वेळीं काय बोलावें हें घरांत कोणास सुचत नाहीं. म्हणून पहिल्या सत्रांत काय वाढून ठेविलेलें असतें हें आधींच जाणावें, व तें प्रभूच्या उदाहरणाच्या उजेडांत पाहावें, अशी आमची विनंती आहे.

बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम चार वर्षांचा असून २०२१ सालच्या नव्या नियमांनीं तो आठ सत्रांत विभागिला आहे. पहिल्या सत्रांत इंग्रजी संभाषण, शरीररचना, शरीरक्रिया, समाजशास्त्र, मानसशास्त्र व शुश्रूषेचा पाया हे विषय येतात. ह्या शेवटल्या विषयास वर्गांतील शिकवणीचे तास १२०, परंतु सरावाच्या खोलींत ८० व प्रत्यक्ष रुग्णालयांत १६०. म्हणजे कानांनीं ऐकावयाचें त्याच्या दुप्पट हातांनीं करावयाचें. मुलीची अपेक्षा अशी कीं आपण पांढरा पोशाख घालूं, सुई टोचूं, औषध देऊं. तीस मिळतें काय? हात धुणें, बिछाना घालणें, पुतळ्यास कुशीवर वळविणें, ताप, नाडी, श्वास व रक्तदाब मोजणें, आणि प्रथमोपचार. रोग्यास स्नान घालणें, मलपात्र देणें, औषध देणें हे धडे त्यापुढच्या सत्रांत येतात. चादरीस सुरकुती राहिली तर सगळा बिछाना उलगडून पुन्हा घालावा लागतो. मग मुलीच्या मनांत येतें : एवढ्याकरितांच का आम्ही विज्ञान शिकलों? बिछाना तर घरींही घालीत होतों.

आतां वरच्या माडीवरील त्या रात्रीकडे पाहा. त्या अध्यायांत तीन गोष्टी आम्हांस दिसतात.

पहिली गोष्ट, प्रभूनें लहान कामाचा क्रम मोडिला नाहीं. तो भोजनावरून उठला, बाहेरचीं वस्त्रें उतरून ठेविलीं, रुमाल घेतला, कंबरेस बांधिला, गंगाळांत पाणी ओतिलें, पाय धुतले, आणि रुमालानें पुसले. योहानानें एकही पायरी गाळिली नाहीं. ज्या हातांत पित्यानें सर्व कांहीं दिलें होतें, त्या हातांनीं हें काम केलें, असें तो मुद्दाम सांगतो. सरावाच्या खोलींतही हाच क्रम : साहित्य आधीं जमवावें, रोग्यास सांगावें, काम करावें, कोरडें करावें, आवरून ठेवावें. जो रोगी स्वतः कूस बदलूं शकत नाहीं, त्याच्या पाठीखालीं ओल व सुरकुती राहिली आणि त्याला वेळेवर वळविलें नाहीं, तर कातडी फुटते व व्रण पडतो. तो व्रण बरा होण्यास कित्येक आठवडे लागतात; टाळण्यास एक नीट बिछाना व एक जागरूक मुलगी लागते. हात धुण्याचेंही तसेंच आहे. १८४७ सालीं व्हिएन्ना येथील सेमेलवाइस नामक डॉक्टरांनीं बाळंतिणींस तपासण्यापूर्वीं हात औषधी पाण्यानें धुण्याचा नियम घातला, आणि बाळंतरोगानें होणारे मृत्यु पुष्कळ कमी झाले. तेव्हां विद्वानांनीं त्यांस हंसण्यावारी नेलें. आज जगांतील प्रत्येक नर्सिंग शाळेंत पहिल्या धड्यांपैकीं तो एक आहे. साबणानें हात धुण्यास ४० ते ६० सेकंद लागतात. तेवढ्यांत एखाद्या आईचा जीव वांचूं शकतो.

दुसरी गोष्ट, पेत्राला तें काम त्या वेळीं समजलें नाहीं. प्रभूनें त्यास रागें भरलें नाहीं; आतां नाहीं तर पुढें समजेल, एवढेंच सांगितलें. मराठी शाळेंतून आलेल्या मुलीस पहिल्या महिन्यांत इंग्रजी पुस्तक डोंगरासारखें वाटतें. प्रौढ मनुष्याच्या शरीरांत हाडें २०६, आणि त्यांचीं नांवें परकीं. शहरच्या मुली भरभर उत्तरें देतात, आणि ही मागच्या बाकावर गप्प बसते. हिनें समजून घ्यावें कीं न समजणें म्हणजे नालायक असणें नव्हे. आपल्याच जिल्ह्यांत जामखेड येथें डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे ह्या ख्रिस्ती दांपत्यानें १९७० सालीं ग्रामीण आरोग्याचें काम उभारिलें. त्यांनीं गांवोगांवच्या बायांस, ज्यांपैकीं कित्येकींस अक्षरओळखही नव्हती व कित्येकी दलित समाजांतील होत्या, बाळंतपण, मुलांचें पोषण व रोगनिवारण शिकविलें. आणि त्यांच्या हातून गांवांचें आरोग्य सुधारलें. ज्या बाईनें पाटी धरली नव्हती ती शिकूं शकली, तर बारावी उत्तीर्ण झालेली आमची लेक रोज दहा शब्द पाठ करून हा डोंगर चढणार नाहीं काय?

तिसरी गोष्ट, त्या गंगाळापुढें यहूदाही बसला होता. त्याच्या मनांत काय आहे हें प्रभूस ठाऊक होतें, तरी त्याचे पाय वगळले असें शास्त्र सांगत नाहीं. रुग्णालयांत मुलीपुढें येणारा रोगी कोणत्याही जातीचा, धर्माचा व स्वभावाचा असेल. कोणी आशीर्वाद देईल, कोणी शिवी देईल, कोणी तिच्या हातचें पाणी घेण्यास कांकूं करील. आपल्या भिंगार येथें १७०७ सालीं औरंगजेब बादशहानें ८८ वर्षांच्या वयांत देह ठेविला. एवढ्या मोठ्या राज्याचा धनी, परंतु मरणकाळीं बादशहा काय आणि भिकारी काय, दोघांनाही दुसऱ्याच्या हातांचाच आधार. २०२० सालीं करोनाच्या सांथींत नगरच्या मुक्तिफौजेच्या बूथ हॉस्पिटलांत कित्येक रोग्यांची शुश्रूषा झाली. त्या दिवसांत पोटच्या मुलास बापाजवळ जातां येत नव्हतें. परिचारिकेचा हातमोजा घातलेला हात तेवढा कपाळावर येत होता. त्या हातानें रोग्याची जात विचारिली नाहीं.

आतां मंडळीस दोन शब्द. परीक्षेस बसण्यासाठीं प्रत्येक विषयांत निदान ८० टक्के हजेरी लागते, आणि पदवी मिळण्यापूर्वीं प्रत्यक्ष कामाची हजेरी पूर्ण भरावी लागते. म्हणून चुलतभावाचा साखरपुडा, गांवचा उरूस, मामाच्या घराची वास्तु, अशा प्रत्येक कारणानें मुलीस बोलावून घेऊं नये. आठवड्यास एकदां तिच्याशीं बोलावें, आणि पगार किती मिळेल हें विचारण्याऐवजीं आज काय शिकलीस हें विचारावें. जे शेजारी म्हणतात कीं असलीं कामें आपल्या मुलीनें कां करावीं, त्यांस वरच्या माडीवरील रुमाल दाखवावा. ज्या कामास प्रभूनें हात लाविला तें काम हलकें राहिलें नाहीं.

तथापि एक सावधगिरी. मुलगी रडत आली तर प्रथम ऐकून घ्यावें. तिला आजार असेल, फीची अडचण असेल, किंवा वसतिगृहांत वरच्या वर्गाच्या मुली छळीत असतील. छळाची गोष्ट असेल तर नुसतें धीर धर म्हणून तिला गप्प करूं नये; महाराष्ट्रांत १९९९ पासून रॅगिंगविरुद्ध कायदा आहे, तो आईबापांनीं व पाळकांनीं तिच्या बाजूनें उभा करावा. परंतु कारण केवळ एवढेंच असेल कीं काम लहान वाटतें व पुस्तक मोठें वाटतें, तर तिच्याबरोबर गुडघे टेकावे, हा अध्याय वाचावा, आणि दुसऱ्या दिवशीं तिला स्वतः गाडीवर पोंचवावें.

आणि मुली, तुला आम्ही सांगतों : चादर ओढशील तेव्हां ती अशी ओढ कीं जणूं तिजवर प्रभूच निजणार आहे. सहा महिन्यांपूर्वीं जें उमगत नव्हतें तें एके रात्रीं, कोणा म्हातारीला कुशीवर वळवितांना, तिच्या कोरड्या, अखंड पाठीवर हात ठेवितांना, तुला उमगेल.

ज्यानें रुमाल कंबरेस बांधिला तो आमच्या लेकींचे हात बळकट करो, आणि आमच्या मंडळ्यांस त्यांच्या पाठीशीं उभें राहण्याची बुद्धि देवो. आमेन.