नाव आणि वचन

एखाद्या वस्तूस दिलेले नाव चुकीचे आहे असे मागाहून ध्यानात आले, तर ते बदलावे की तसेच राहू द्यावे? प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटतो. चूक दिसली की दुरुस्त करावी, यात विचार तो कसला करावयाचा, असे कोणीही म्हणेल. परंतु ज्यांचे आयुष्य नोंदवह्या, फाइली आणि नावांच्या याद्या यांच्या सहवासात चालले आहे, अशा आम्हां कारकुनांस हे उत्तर इतक्या सहजी पटत नाही. आणि आमच्या मेजावरील संगणकाने तर हाच प्रश्न अशा उघड्या स्वरूपात मांडला आहे की, नीतिशास्त्राच्या ग्रंथांतही तो इतका स्वच्छ सापडणे कठीण.

संगणकाच्या पोटात अक्षरे नसतात, आकडे असतात. जगातील लिप्यांच्या प्रत्येक अक्षरास एक क्रमांक आणि एक इंग्रजी नाव देणारी 'युनिकोड' ही यादी १९९१ साली प्रथम प्रसिद्ध झाली. आपल्या 'ळ'चा तीतील क्रमांक ०९३३, आणि नाव 'देवनागरी लेटर एल् एल् ए'. मजकुरावर संस्कार करणाऱ्या पर्ल, पायथन यांसारख्या संगणकभाषांत अशी सोय आहे की, आज्ञावली लिहिणाऱ्याने महिरपी कंसात हे नाव लिहावे. यंत्र ते यादीत धुंडाळते आणि त्या जागी अक्षर आणून ठेवते. नाव सापडले नाही तर काम तेथेच थांबते. क्रमांक लिहूनही हेच साधते. मग नावाचा खटाटोप कशासाठी? तर, पुढे कोणी ती आज्ञावली वाचील त्यास ०९३३ या आकड्यावरून काही उमगणार नाही, नावावरून उमगेल. म्हणजे नाव हे यंत्रासाठी नसून माणसासाठी आहे. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण सारा पेच येथूनच उत्पन्न होतो.

या यादीच्या कर्त्यांनी १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून एक वचन दिले आहे. एकदा दिलेले नाव कधीही बदलले जाणार नाही. चुकीचे ठरले तरीही नाही. आणि चुका तर झाल्याच. उभ्या लेखनातील एका कंसाच्या नावात 'ब्रॅकेट' या शब्दातील सी आणि के या अक्षरांची अदलाबदल झाली. ती अशुद्ध वर्तनी आजही तशीच आहे. सोव्हिएत काळात काही तुर्की भाषांसाठी वापरलेल्या रोमन वर्णमालेतील एका अक्षराचा उच्चार 'घ'च्या जवळचा. परंतु ते दिसते ओ आणि आय जोडल्यासारखे, म्हणून यादीत त्याचे नाव 'ओआय' पडले. रूपावरून नाव ठेवण्याची आपल्या खेड्यांतील चाल येथेही आढळावी, याची आम्हांस मोठी गंमत वाटते.

या चुका काढून का टाकीत नाहीत? कारण कोठे कोणी त्या नावावर विसंबून काय लिहून ठेवले आहे, हे कोणालाच ठाऊक नाही. आज नाव शुद्ध केले तर उद्या कोठली तरी आज्ञावली बंद पडेल, आणि ज्याचे काम अडेल त्या बिचाऱ्याचा चुकीशी काडीइतकाही संबंध नसेल. येथे सत्य आणि वचन यांची गाठ पडते. यादीकर्त्यांनी वचनाची बाजू घेतली, पण सत्यास अगदीच वाऱ्यावर सोडले नाही. चुकीच्या नावांच्या शेजारी त्यांनी दुरुस्त नावांची एक निराळी यादी जोडली. जुन्या नावाने शोधा, अक्षर मिळते. नव्या नावाने शोधा, तेच अक्षर मिळते. आमच्या कचेरीतही हीच रीत आहे. नोंदवहीत चुकलेला शब्द खरडून काढावयाचा नाही. त्यावर एकच रेघ ओढावयाची, खालचे वाचता आले पाहिजे, आणि बाजूस शुद्ध शब्द लिहून आद्याक्षरी करावयाची.

हे सारे आम्हांस मान्य आहे. तरी एक शंका उरते. वचन कोणी कोणास दिले? यादीकर्त्यांनी आज्ञावली लिहिणाऱ्यांस. ज्यांच्या लिपीचे नाव चुकले, ते लोक या करारात कोठे होते? कंसाच्या नावातील वर्तनी चुकली तर कोणाचे काळीज दुखत नाही. पण तमिळ लिपीतील 'आय्दम' या स्वतंत्र चिन्हास यादीत 'विसर्ग' म्हटले आहे. ज्यांच्या व्याकरणात आय्दमास स्वतःचे स्थान आहे, त्यांनी ही परक्या व्याकरणाची झूल मुकाट्याने का वागवावी? आपला 'दंड' घ्या. तो बंगाली, ओडिया लेखनातही चालतो, सर्वांसाठी क्रमांक एकच, आणि नाव मात्र 'देवनागरी दंड'. येथे चूक नव्हे, तरी वडीलकीचा एक न मागितलेला मान आहे. 'विमानतळाच्या तिकिटावर मुंबईसाठी अद्याप बी, ओ, एम हीच अक्षरे छापतात. १९९५ साली शहराचे नाव बदलले म्हणून त्यावरून कोणी भांडत नाही, कारण ती खूण आहे, नाव नव्हे,' असे आमचे एक मित्र सांगतात. युक्तिवाद चांगला आहे, पण पुरता नाही. खूणच हवी होती तर क्रमांक होताच की! वाचणाऱ्यास अर्थ कळावा म्हणून नाव ठेवले, आणि अर्थ चुकला असे दाखविताच 'ती केवळ खूण' म्हणून हात झटकले, हे न्यायाचे नव्हे. आमच्या मते यंत्राच्या शोधापुरते जुने नाव अवश्य पाळावे. परंतु माणसाच्या डोळ्यांसमोर जेथे नाव येते तेथे ते त्या त्या भाषेचेच असावे. आतल्या वहीतील नाव दारावरच्या पाटीवर लावणे, हा वहीचा नव्हे, पाटी लावणाऱ्याचा दोष.

याहून विचारात पाडणारी गोष्ट 'बेल'ची. जुन्या दूरमुद्रकावर घंटा वाजविणारा एक संकेत होता, त्याचा क्रमांक ७. नियंत्रणसंकेतांना युनिकोडने अधिकृत नाव दिलेच नाही. पण पर्लमध्ये त्यास 'बेल' म्हणण्याचा प्रघात होता. २०१० साली यादीत घंटेचे एक चित्र आले आणि 'बेल' हे नाव त्यास रीतसर मिळाले. पर्लच्या कर्त्यांनी २०११ साली लोकांस सावध केले आणि २०१३ साली ते नाव चित्राच्या स्वाधीन केले. जुन्या संकेतास 'अलर्ट' म्हणावे असे ठरले. वचनभंग झाला काय? कागदोपत्री नाही. वहिवाटीने नाव वापरणाऱ्याजवळ कागद नव्हता. ज्याच्याजवळ कागद होता त्यास घर मिळाले. मधल्या दोन वर्षांची सूचना ही त्यातली माणुसकी, एवढे मात्र आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो.

नावाच्या शोधात थोडी सवलतही ठेवलेली असते. लहान-मोठी अक्षरे, रिकाम्या जागा, शब्दामधली आडवी रेघ यांच्याकडे दुर्लक्ष करावे, असा या यादीचा नियम आहे. शोधणाऱ्याचा हेतू कळला की पुरे, हा त्यातील उदार भाव. पण कोरियन लिपीत दोन स्वरचिन्हे अशी आहेत की, एकाच्या नावाचा शेवट 'ओई', दुसऱ्याचा 'ओ-ई'. रेघ गाळली की दोघे एक होतात. म्हणून त्या एका रेघेस नियमात अपवाद करावा लागला. उत्तरेकडील कचेऱ्यांत आम्हां मराठी माणसांस या रेघेचे मोल चांगले कळते. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव, या आपल्या क्रमाची फोड तेथे भलतीच होते. एका कचेरीच्या पगारपत्रकावर तर कित्येक महिने आमच्या जागी आमचे वडीलच नोकरी करीत होते. दुरुस्तीसाठी अर्ज केला तेव्हा 'फरक काय पडतो, पगार तर मिळतो ना?' असे उत्तर मिळाले. पगार मिळत होता, हे खरे. परंतु 'ओई'च्या जागी 'ओ-ई' आले तर यंत्रही कुरकुर करीत नाही. शोध यशस्वी होतो, अक्षर तेवढे दुसऱ्याचे येते.

'दुसऱ्या', 'तऱ्हा' लिहिताना लागणारा आपला 'ऱ' या यादीत 'आर् आर् ए' या नावाने नांदतो. 'ॲ' तर २००८ साली दाखल झाला. 'ऱ'च्या नावाजवळच्या टिपणात द्राविडी भाषांतील 'र'चा उल्लेख आहे, आणि त्याच्या अर्ध्या रूपास पापणीची उपमा दिली आहे. ती पापणी मराठीत रोज लिहिली जाते; नावात तिचा मागमूस नाही, आणि आता कधी येणारही नाही.