सुधारलेला सूर

फैजपूरला भाच्याच्या घरी उतरलो, तेव्हा माजघराच्या खिडक्यांना त्याने गोधड्या बांधल्या होत्या. केळीच्या मालमोटारींचा आवाज आत येऊ नये म्हणून ही तजवीज. जात्यावर बसून अक्काने ओव्या म्हणायच्या आणि मागाहून, तिचे ऐकत, पेटी व ढोलकी वाजवायची, असा बेत होता. प्रत्येकाचा आवाज संगणकात निराळा साठवलेला.

मग ते सारे एकत्र बसवणे आले. अक्का ऐकू येईना म्हणून त्याने अक्काला वाढवले. ढोलकी दबली म्हणून ढोलकीला. घटकाभरात लग्नघरातला गलबला तयार! शेवटी त्याच्या ध्यानात आले की, पेटीचे मधले स्वर आणि बाईमाणसाचा गळा एकाच जागेसाठी भांडतात. पेटीचा तेवढाच भाग उतरवला, ढोलकी किंचित बाजूला सरकवली, आणि अक्का न वाढवताच पुढे येऊन बसली.

इथवर माझी तक्रार नव्हती. पूर्वी भोंग्यापुढे ध्वनिमुद्रण होई, तेव्हाही गाणारा भोंग्याजवळ आणि साथीदार मागे उभे राहतच. पण भाच्याने पुढे जात्याची घरघर पुसली आणि तिसऱ्या ओळीत अक्काचा सूर उतरला होता, तो यंत्राने सरळ केला. १९९७ पासून ही सोय झाली आहे म्हणे.

अक्काने ऐकले. म्हणाली, “बाई गोड गाते. पन ही कोन रे?”

मी भाच्यावर उखडलो. तो शांतपणे म्हणाला, “मामा, बहिणाबाईंच्या ओव्या सोपानदेवांनी कागदावर उतरवल्या, तेव्हा जात्याची घरघर कुठे उतरली?” मी निरुत्तर झालो. १९५२ साली ते पुस्तक निघाले नसते, तर खानदेशाबाहेर ती बाई कुणाला ठाऊक झाली असती? गाळल्यावाचून जपता येत नाही, हे खरेच. पण सोपानदेवांनी आईचा आवाज गाळला. तिच्या जागी दुसरा बसवला नाही. मला वाटते, फरक इथे आहे. आणि तरी, चूक झाकून म्हातारीची शोभा राखणाऱ्या मुलाला अप्रामाणिक म्हणायला माझी जीभ रेटेना.

“तिलाच विचार,” मी म्हटले.

चहा घेऊन अक्काने पुन्हा खुंटा धरला. तिसऱ्या ओळीत सूर त्याच जागी, तितकाच उतरला.