मागे राहिलेल्यांचं मागणं

आई तुळजाभवानी, तुझ्या डोंगरापासून किल्लारी-सास्तूर काही फार लांब नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, चारला काही मिनिटं कमी असताना, भूकंपाचा तो हादरा तुझ्या गाभाऱ्यालाही कळला असेल. आदल्या दिवशी गणपती बोळवून माणसं दमून निजली होती. दगडमातीच्या जाडजूड भिंती, वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गार वाटणारं तेच ओझं अंगावर आलं आणि लातूर-उस्मानाबादच्या गावांतले जवळपास दहा हजार जीव गेले. का, हे तुला विचारून झालंय. आता मागे राहिलेल्यांचं मागणं ऐक.

लगेच पितृपंधरवडा लागला. भर पावसात एकेका चितेवर कितीतरी जणांना निरोप दिला गेला. काही घरांत पान वाढायलाही कुणी उरलं नाही. त्या घरांचं पान तू वाढ. मग तुझं नवरात्र आलं. ज्यांना भिंतच राहिली नव्हती त्यांनी घट कुठं बसवावा, आई?

तरी पोट थांबत नाही. ढिगाऱ्यातून काढलेली ज्वारी बाया सुपात पाखडत बसायच्या. खडे वेचताना मधेच बांगडीचा तुकडा हाताला लागायचा आणि सूप तिथंच थांबायचं. त्या हातांना तू बळ दिलंस, हे आम्ही विसरलो नाही. लेकरं गेलेल्या कितीतरी आयांनी नसबंदी उलटवायला पुन्हा ऑपरेशन करून घेतलं. जिची कूस भरली आणि जिची भरली नाही, त्या दोघींकडे सारख्याच मायेनं बघ.

नवी गावं झाली, रस्ते रुंद झाले. देणाऱ्यांचं भलं कर, त्यांनी मनापासून दिलं. पण घरं मिळाली ती जमिनीच्या हिशेबानं, कुणाला 250 चौरस फूट, कुणाला 400, कुणाला 750. एका गल्लीतली माणसं त्यात गावाच्या तीन टोकांना गेली. हाक मारली की ओ देणारी शेजारीण दुरावली, शेत लांब पडलं. ही तूट कुठल्या यादीत आली नाही, म्हणून तुझ्या कानावर घालतो. तुटलेला शेजार जोडून दे.

अजूनही कुणी म्हातारी पक्कं घर सोडून बाहेर पत्र्याखाली अंथरूण टाकते. तिला छताखाली निर्धास्त झोप लागू दे. आणि ज्यांनी ती पहाट पाहिली नाही, ती पोरं आता घरं वाढवताहेत. नुसत्या चिखलात दगड रचायला निघालेल्याचा हात धर. भिंतींना चौफेर आवळणारा काँक्रीटचा पट्टा एकाही घरात चुकू देऊ नको, आई.