सर्व्हरची भूमिका : जाती की उपाधी?

न्याय-वैशेषिक दर्शनाने अनेक व्यक्तींत आढळणाऱ्या समान धर्मांत एक मूलगामी भेद केला आहे. गोत्व गाईत ती असेतोवर राहते, म्हणून ती ‘जाती’. पाचकत्व, म्हणजे स्वयंपाकी असणे, मात्र पाकक्रियेशी आलेल्या संबंधावर अवलंबून असते, म्हणून ती ‘उपाधी’. शेकडो सर्व्हरची मांडणी पपेटसारख्या प्रणालीकडून आपोआप करवून घेताना प्रत्येक यंत्राला जी भूमिका नेमून दिली जाते, ती या दोहोंपैकी कोणती, हे ठरवल्यावाचून पुढे जाता येत नाही.

पपेटमध्ये यंत्राच्या नावावरून त्याचे काम ठरवता येते. नाव ‘वेब’ने सुरू होत असेल तर तो वेब-सर्व्हर, असा नियम एका ओळीत लिहिता येतो. परंतु त्याच यंत्रावर पुढे डेटाबेस चालवायचा झाला, तर नाव खोटे पडते किंवा यंत्र नव्याने उभारावे लागते. उपाधीला जाती समजल्याचाच हा दोष होय.

नैयायिक उदयनाचार्यांनी सांगितलेल्या जातिबाधकांपैकी, म्हणजे एखादा धर्म जाती ठरण्याच्या आड येणाऱ्या कारणांपैकी, ‘संकर’ येथे नेमका लागू पडतो : दोन धर्म काही ठिकाणी एकत्र आणि काही ठिकाणी एकमेकांना सोडून राहत असतील, तर त्यांना जाती मानता येत नाही. काही यंत्रे केवळ वेबची, काही केवळ डेटाबेसची, तर चाचणीचे लहानसे यंत्र दोन्हींचे असते. क्रेग डन यांनी २०१२ मध्ये पपेटसाठी मांडलेल्या पद्धतीत अशा एकेका तंत्राच्या मांडणीला ‘प्रोफाइल’ म्हटले असून, अनेक प्रोफाइल मिळून साधणाऱ्या प्रयोजनाला ‘रोल’ म्हटले आहे. यंत्राला रोल एकच, आणि मिश्रण वेगळे झाले की रोलही नवा.

तरीही उपाधी कोणाच्या शब्दावर मानावी, हा प्रश्न उरतोच. यंत्राने स्वतःच आपला रोल सांगावा असे म्हटले, तर घुसखोराच्या ताब्यात गेलेले यंत्र स्वतःला डेटाबेस म्हणवून त्याचे पासवर्ड मागू शकते. म्हणून पपेटमध्ये रोल यंत्राची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्रातच, त्यावर स्वाक्षरी होण्यापूर्वी, कोरण्याची सोय आहे. पण मग तो बदलण्यासाठी जुने प्रमाणपत्र रद्द करून नवे द्यावे लागते, म्हणजे सुरक्षेच्या मिषाने उपाधी पुन्हा जन्मसिद्ध होते. त्यापेक्षा प्रमाणपत्राने केवळ ‘हे यंत्र तेच आहे’ एवढेच सिद्ध करावे आणि रोलची नोंद यंत्राबाहेरच्या वर्गीकरण-सूचीत ठेवावी, हे अधिक युक्त. मात्र त्या सूचीत कोणाला बदल करता येतो, यावरही तितकाच कडक पहारा हवा.