पिसांची पेटी आणि संग्रहाची नीति

घरांत वस्तु कशा ठेवाव्या हा प्रश्न आपल्याकडे गृहकृत्यांत मोडतो. नीतिविचारांत त्याला सहसा जागा मिळत नाहीं. चोरी करूं नये, खोटें बोलूं नये, इतकें शिकवून आपले नीतिपाठ संपतात. मिळविलेली वस्तु कोणत्या डब्यांत ठेवावी, तिच्यावर काय लिहावें, आणि तशा वस्तु आपल्याजवळ किती असाव्या, हा विचार ते गृहिणीवर सोपवून मोकळे होतात. आम्हांस ही वांटणी बरोबर वाटत नाहीं. मनुष्य आपला संग्रह कसा ठेवतो यांत त्याच्या नीतीचा बराचसा भाग उघडा पडतो, असें आमचें मत आहे; आणि तें तपासून पाहण्याकरितां आम्ही मुद्दाम एक लहान, कित्येकांस क्षुल्लकहि वाटेल असें उदाहरण घेतों.

मासे धरण्याचा षोक असणारांमध्यें एक लहानसा वर्ग असा आहे कीं, तो गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावीत नाहीं. गळावर पिसें, केंस, रेशीम आणि जरीची तार दोऱ्यानें आवळून तो पाण्यावरच्या किड्यासारखा एक बनावट किडा तयार करितो. इंग्रज त्याला माशी म्हणतात, आणि तो करण्याच्या कलेला माशी बांधणें. ही कला आपल्याकडे इंग्रजांबरोबर आली. पण गळाची विद्या येथें त्यापूर्वींच होती. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकांतील ‘मानसोल्लास’ ग्रंथांत मत्स्यविनोदाला स्वतंत्र स्थान दिलेलें असून माशांच्या जाती, आमिषें, दोर आणि काठी यांचा त्यांत विचार केलेला आहे. नाशिकसारख्या नदीकांठच्या शहरांत एखाद्या घरीं हा षोक शिरला, म्हणजे थोड्याच दिवसांत तेथें एक पेटी भरूं लागते. कोंबड्याच्या मानेचीं पिसें, बदकाच्या कुशीचीं मऊ पिसें, मोरपिसाचे हिरवट तंतु, बकऱ्याचे केंस, रंगीत दोऱ्याचीं रिळें, मेण, आणि नंबरवार गळ असा सर्व ऐवज त्या पेटींत असतो.

अशी पेटी लावण्याच्या तीन पायऱ्या आम्हांस दिसतात. पहिली पायरी सांपडण्याची. जें हवें तें शोधल्यावांचून हातीं यावें म्हणून पिसें पक्ष्यांप्रमाणें आणि रंगांप्रमाणें वेगळीं करावीं, तीं दुमडूं नयेत म्हणून आडवीं ठेवावीं, गळ नंबरानें लावावे. नंबर जसजसा वाढतो तसतसा गळ बहुधा लहान होत जातो, हें ध्यानांत न ठेवणाराचा नेहमीं घोंटाळा होतो. दुसरी पायरी टिकण्याची. पावसाळ्यांत गोदाकांठची हवा दमट झाली कीं गळ गंजतात, पिसांना बुरशी येते, आणि कसर लागली तर एका महिन्यांत वर्षांची जमवाजमव भुग्याच्या रूपानें तळाशीं बसते. म्हणून नवें पीस जुन्यांत एकदम मिसळूं नये. तें बंद पिशवींत घालून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यांत कांहीं दिवस ठेवावें, बाहेर काढून पुन्हां एकदां तसेंच करावें, म्हणजे अंड्यांतून मागाहून निघालेली अळीहि मरते. येवल्याचा पैठणी विणणारा कारागीर जर दमट हवेपासून जपतो, कारण रुप्याची तार काळी पडते. तोच नियम माशीवर गुंडाळण्याच्या तारेलाहि लागू आहे.

या दोन पायऱ्या चतुराईच्या झाल्या. हुषार माणूस त्या चढतो, आणि चोरहि चढूं शकतो. चोराची तिजोरी पुष्कळदां सज्जनाच्या कपाटापेक्षां नीटनेटकी असते. तेव्हां नीटनेटकेपणा हा सद्गुण आहे असें म्हणण्यापूर्वीं तिसरी पायरी पाहिली पाहिजे. ती हिशेबाची. पेटींतील प्रत्येक वस्तु कोठून आली आणि कशाकरितां ठेवली आहे, या दोन प्रश्नांचें उत्तर त्या वस्तूजवळच लिहिलेलें असावें, ही ती पायरी.

पिसाच्या बाबतींत या पायरीला विशेष महत्त्व आहे. मोरानें आपण होऊन टाकलेलें पीस आणि मारलेल्या मोराचें उपटलेलें पीस यांत डोळ्यांना कांहीं फरक दिसत नाहीं. रंग तोच, झळाळी तीच. मुळाशीं रक्ताचा अंश आहे का हें एक वेळ तपासतां येईल. पण मूळ कापून टाकलें कीं तोहि साक्षीदार गेला. मोर १९६३ सालीं राष्ट्रीय पक्षी ठरला, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्याच्या शिकारीला बंदी केली. मात्र आपोआप गळलेल्या पिसांना देशांतल्या देशांत बाळगण्याची व विकण्याची मोकळीक ठेवण्यांत आली आहे. म्हणजे कायद्यानें सारा भार एका गोष्टीवर ठेवला आहे: पीस गळलें कीं उपटलें? आणि या प्रश्नाचें उत्तर पीस स्वतः कधींहि देत नाहीं. तें देण्याचें काम बाळगणाराच्या सचोटीवर येऊन पडतें.

हीच अडचण नांदूर-मध्यमेश्वरच्या कांठीं वेगळ्या रूपानें दिसते. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळच्या बंधाऱ्यामुळें झालेलें हें पाणथळ अभयारण्य २०२० सालीं रामसर यादींत गेलें; महाराष्ट्रांतील तें पहिलें. हिंवाळ्यांत तेथें दूरदूरचीं बदकें उतरतात आणि त्यांचीं पिसें चिखलांत पडलेलीं असतात. त्यांतलें एक उचललें तर कोणाचें काय गेलें, असें पुष्कळांना वाटेल. परंतु अभयारण्यांतून परवानगीवांचून असें कांहीं नेऊं नये असा नियम आहे, आणि तो आम्हांस न्याय्य वाटतो. उचलणारा एक असता तर गोष्ट निराळी. पण पिशवीभर पिसें घेऊन जाणारा मनुष्य दिसला तर तीं वेंचलेलीं कीं पांखरें मारून घेतलेलीं, हें रक्षकानें कसें ओळखावें? प्रामाणिक मनुष्यानें आपला निरुपद्रवी लाभ सोडला, तरच अप्रामाणिकाला त्याच्याआड लपण्याची जागा उरत नाहीं.

हें भय काल्पनिक नाहीं. सह्याद्रीच्या रानांत राहणाऱ्या करड्या रानकोंबड्याच्या मानेच्या पिसांवर मेणाच्या थेंबांसारखे पिवळट ठिपके असतात. माशी बांधणारे या पिसावर इतके लुब्ध कीं, विलायती माशांचा तो एक नेहमींचा अलंकार होऊन बसला. पक्ष्यांचीं कातडीं व पिसें हिंदुस्थानांतून बाहेर पाठविण्यास १९०२ सालीं बंदी झाली. पिसांच्या व्यापारापायीं येथें किती पक्षी मारले जात असावेत, याची कल्पना त्या बंदीवरूनच येते. पुढें हा पक्षी विलायतेंत पाळून त्याचीं पिसें मिळविण्यांत येऊं लागलीं. म्हणजे आज दोन पिसें शेजारीं ठेवलीं, तर एक पाळलेल्या पक्ष्याचें आणि दुसरें आपल्या रानांतून चोरून नेलेलें असूं शकेल. आणि तीं जुळ्या भावांसारखीं दिसतील.

लोभ वाढला म्हणजे तो कोठवर जातो याचें उदाहरण इंग्लंडांतील ट्रिंग येथें घडलें. जॉर्ज केल्सन यानें १८९५ सालीं सामन माशाच्या माशांवर एक ग्रंथ लिहिला. त्यांतील कृतींना दूरदेशींच्या दुर्मिळ पक्ष्यांचीं पिसें लागत. त्या जुन्या कृती हुबेहूब उतरविण्याचें वेड आजहि कित्येकांस आहे, आणि त्यांतले पुष्कळजण ती माशी पाण्यांत कधींच टाकीत नाहींत. २००९ च्या जून महिन्यांत संगीताच्या एका तरुण विद्यार्थ्यानें ट्रिंग येथील निसर्गेतिहास संग्रहालयाची खिडकी फोडून २९९ पक्ष्यांचीं कातडीं चोरलीं. त्यांत आल्फ्रेड रसेल वॉलेस यानें एकोणिसाव्या शतकांत मलाया द्वीपसमूहांत जमविलेले पक्षीहि होते. हा तरुण स्वतः माशी बांधण्यांत अत्यंत निपुण होता. पुढें चोरी उघडकीस आली, आणि कांहीं पक्षी परत मिळाले. पण त्यांतील पुष्कळांच्या पायांच्या चिठ्ठ्या कापून टाकलेल्या होत्या.

वाचकांनीं या शेवटच्या गोष्टीकडे लक्ष द्यावें. पक्षी परत आला, पिसें शाबूत आलीं, तरी शास्त्रज्ञांच्या दृष्टीनें त्याचें बहुतेक मोल गेलें. कारण तो कोठें व केव्हां मिळाला हें सांगणारा कागदाचा तुकडा गेला. त्या तुकड्यांच्या आधारानें जुन्या समुद्रपक्ष्यांच्या पिसांतील पारा मोजून समुद्र कसा विषारी होत गेला हें पुढच्या पिढ्यांना कळलें; जमविणाराच्या तें स्वप्नींहि नव्हतें. चोरानें पिसें ठेवलीं आणि चिठ्ठी टाकली. संग्रहालयाला दोन्हींची गरज होती. लोभी मनुष्य आणि संग्राहक यांतला भेद याहून स्पष्ट करून सांगतां येईल असें आम्हांस वाटत नाहीं. लोभी मनुष्याला वस्तु हवी असते, पण वस्तूचा इतिहास अडचणीचा वाटतो.

येथें कोणी म्हणेल कीं, चिठ्ठी खोटीहि लिहितां येते. येते खरी. परंतु घरच्या पेटींतील चिठ्ठी न्यायालयाकरितां नसून लिहिणाराकरितां आहे. दुकानांत पीस हातीं घेतल्यावर, यावर आपण काय लिहिणार, असा प्रश्न मनाशीं केला कीं निवाडा तेथेंच होतो. जेथें लिहितांना हात अडखळेल ती वस्तु घेऊं नये, इतका साधा तो नियम आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. माशाला फसवून गळाला लावावयाचें, आणि पिसाच्या पावित्र्याची मात्र चिंता करावयाची, हें ढोंग नव्हे काय? गळ टाकणें युक्त कीं अयुक्त हा वाद आम्ही येथें मिटवीत नाहीं. नाशकांतला कोळी आणि नाशकांतला जैन याचीं निरनिराळीं उत्तरें देतील, आणि दोघांनाहि आपापलें उत्तर देण्याचा अधिकार आहे. पण एक गोष्ट शंका घेणारानेंहि मान्य करावी. माशाचें दुःख गळ टाकणाराच्या समोर, त्याच्या हातांत घडतें. त्याला तें नाकारतां येत नाहीं. पक्ष्याचें दुःख मात्र दूरच्या रानांत घडून गेलेलें असतें आणि पेटींत केवळ शोभा येते. जें दुःख दिसत नाहीं त्याचीच नोंद ठेवण्याची गरज अधिक असते.

आतां किती ठेवावें हा प्रश्न राहिला. कोंबड्याच्या एका मानेवर शेंकडों पिसें असतात आणि एका माशीला एखाददुसरें पुरतें. तरी पेटीच्या मालकाला दहावी मान हवीशी वाटते. याला उत्तर नाशिक जिल्ह्यांतच आहे. बागलाणांत मांगी-तुंगी आणि शहराजवळ म्हसरूळला गजपंथ हीं जैनांचीं सिद्धक्षेत्रें आहेत. तेथें येणाऱ्या दिगंबर मुनींनीं वस्त्रसुद्धां सोडलेलें असतें; पण गळलेल्या मोरपिसांची पिच्छी मात्र हातांत असते. बसण्यापूर्वीं जागेवरचा जीवजंतु दुखावूं नये म्हणून तो हळूच बाजूला सारण्याकरितां ती असते. चातुर्मासानंतर पिच्छी बदलण्याचा विधि होतो: नवी हातीं आली कीं जुनी व्रत घेणाऱ्या गृहस्थाला दिली जाते. अपरिग्रहाचें महाव्रत पाळणाराहि पिसें बाळगतो. पण त्याला त्यांचें कारण माहीत आहे, उगम माहीत आहे, आणि नवी आल्यावर तो जुनी ठेवून घेत नाहीं. गृहस्थाला इतकें कडक राहतां येणार नाहीं. तरी नवी मान आणण्यापूर्वीं जुनी कोणा होतकरू मुलाला द्यावी, एवढें कोणालाहि करतां येईल.

शेवटीं, पेटी मालकाच्या मागें उरते. कित्येक जुन्या घरांच्या माळ्यांवर आजोबांच्या वेळचीं पिसें, शिंगें, कातडीं असतात, आणि नातवंडांना त्यांचें काय करावें हें सुचत नाहीं. ठेवावें तर कायद्याचें भय, टाकावें तर मनाला रुखरुख. आजोबांनीं चार ओळी लिहून ठेवल्या असत्या, तर हें ओझें त्यांच्यावर पडलें नसतें. आपल्या मागून येणारांनीं आपली पेटी उघडली असतां त्यांना लाज वाटूं नये आणि कोडेंहि पडूं नये, इतपत ती भरावी, आणि इतपतच भरावी.