भिंतीवरची जागा

हिंगोलीच्या बाजारात इलेक्ट्रिकच्या दुकानात थर्मोस्टॅट मागितला, तर दुकानदार उलट विचारतो, ‘कशाचा? गिझरचा, फ्रिजचा का इस्त्रीचा?’ घराचाही थर्मोस्टॅट असतो हे त्याच्या मनातही येत नाही, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. हिवाळ्यात घर तापवायची रीत मराठवाड्यात नाही. शेकोटी पेटते ती अंगणात, आणि तीही निम्मी गप्पांसाठी. उन्हाळ्यात पारा ४२ अंशांपुढे सरकला की खिडकीत कूलर बसतो, आणि कूलरला तापमान कळत नाही. तो चालू असतो किंवा बंद असतो, बस.

पण थर्मोस्टॅटच्या पोटातली मूळ युक्ती या जिल्ह्यात शिवारोशिवार पोचलेली आहे. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर उघडावा. आतल्या ओव्हरलोड रिलेमध्ये दोन वेगवेगळ्या धातूंच्या एकमेकींना घट्ट जोडलेल्या पट्ट्या असतात. मोटारीवर भार आला की जास्त वीज ओढली जाते, पट्टी तापते. दोन धातू सारखे प्रसरण पावत नाहीत, म्हणून पट्टी एका बाजूला वाकते आणि मोटार ‘ट्रिप’ होते. अँड्र्यू यूर या स्कॉटिश रसायनतज्ज्ञाने अशाच वाकणाऱ्या पट्टीवर १८३० साली पेटंट घेतले. हळदीला पाणी देताना मोटार थांबली म्हणून रीसेटचे बटण दाबणाऱ्या शेतकऱ्याला यूरशी कर्तव्य नाही. पण पट्टी गार होईपर्यंत बटण बसत नाही, तोवर धुऱ्यावर बसून राहावे लागते, हे त्याला पक्के ठाऊक असते.

घराच्या भिंतीवर ही पट्टी चढली ती थंड मुलखात, आणि तिची हकिकत मला फार बोलकी वाटते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये, व्हाइटवॉटर इथल्या अध्यापक विद्यालयात वॉरन जॉन्सन नावाचे प्राध्यापक शिकवत. शाळेचा शिपाई दर थोड्या वेळाने वर्गात शिरायचा, तापमान बघायचा, मग तळघरात जाऊन भट्टीची झडप कमी-जास्त करायचा. शिकवण्यात खंड पडायचा. जॉन्सन यांनी वर्गातले तापमान घसरले की तळघरात घंटा वाजेल अशी विजेची जोडणी केली, आणि १८८३ साली त्यांना विजेच्या थर्मोस्टॅटचे पेटंट मिळाले. म्हणजे पहिल्या टप्प्यात यंत्राने केले ते एवढेच, की शिपायाचा हेलपाटा वाचवला. झडप फिरवणारा हात माणसाचाच राहिला. तो पुढे गेला.

आपल्याकडे तो शिपाई अजून घरातच आहे. रात्री अकराला सगळे कूलरपुढे पसरतात. पहाटे तीन-साडेतीनच्या सुमाराला बाहेरची हवा उतरते, ओलसर वारा अंगाला झोंबायला लागतो आणि कुणीतरी उठून बटण बंद करते. हे ‘कुणीतरी’ बहुतेक घरांत ठरलेले असते: आई, नाहीतर आजी. नातवाच्या अंगावर चादर ओढायची, पंख्याचा वेग कमी करायचा, पंप बंद करून नुसता वारा ठेवायचा, हे सगळे झोपेतल्या झोपेत चाललेले असते. इतका हुशार नियंत्रक कुठल्याही कंपनीने अजून केलेला नाही. त्याला वर्गातल्या तापमानाबरोबर वर्गातली मुलेही कळतात.

भिंतीवरच्या थर्मोस्टॅटची जोडणी समजायला अवघड नाही, आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या अनेक मराठी घरांत ती घरमालक स्वतःच करतो. आधी मुख्य स्विच पाडायचा. जुने झाकण काढून तारांचा फोटो घ्यायचा. मागे चार-पाच बारीक तारा असतात, २४ व्होल्टच्या, त्यांना अक्षरे दिलेली असतात. आर म्हणजे वीज आणणारी, डब्ल्यू भट्टीकडे जाणारी, वाय गार करणाऱ्या कॉम्प्रेसरकडे, जी पंख्याकडे. थर्मोस्टॅट स्वतः ना तापवतो ना गार करतो. तो आरची गाठ कधी डब्ल्यूशी, कधी वायशी घालून देतो आणि वेळ आली की सोडवतो. पाचवी तार सी, वीज परत नेणारी. जुन्या पट्टीवाल्या थर्मोस्टॅटला तिची गरज नव्हती म्हणून कित्येक घरांत ती भिंतीत नुसती गुंडाळून पडलेली असते. नव्या, वायफायवाल्या थर्मोस्टॅटला अखंड वीज लागते, तेव्हा तिची आठवण होते.

हिंगोलीत अशी दुर्लक्षित तार वेगळी आहे, आणि ती जिवावर बेतते. कूलरचा पत्र्याचा डबा, त्यात पाणी, पाण्यात पंप, आणि प्लगच्या तीन पिनांपैकी अर्थिंगची पिन कुठे जोडलेलीच नसते. दर उन्हाळ्यात मराठवाडा-विदर्भाच्या वर्तमानपत्रांत कूलरचा शॉक लागून माणूस गेल्याची बातमी असते. बसवणाऱ्याला दोन तारांत कूलर चालू झालेला दिसतो, वारा येतो, पैसे मिळतात. तिसरी तार जोडली काय न जोडली काय, त्या दिवशी काहीच फरक दिसत नाही.

जोडणीतला खरा कस मात्र तारांत नाही, जागेत आहे. पुस्तिकांत लिहिलेले असते: जमिनीपासून सुमारे पाच फुटांवर, आतल्या भिंतीवर, ऊन येणार नाही, दार उघडले की झोत लागणार नाही, चूल आणि दिवा जवळ नसेल अशा ठिकाणी बसवा. कारण थर्मोस्टॅटला घराचे तापमान कळत नाही. तो जिथे लटकतो त्या वीतभर जागेची हवा त्याला कळते, आणि त्या वीतभर जागेच्या साक्षीवर तो अख्ख्या घराचा निकाल देतो. स्प्लिट एसीत तर संवेदक यंत्राच्या आत, छताजवळ ओढल्या जाणाऱ्या हवेत असतो. वरची हवा तापलेली, खाली गादीवर निजलेला माणूस कुडकुडतोय, तरी कॉम्प्रेसर चालूच. त्यावर उपाय म्हणून काही कंपन्यांनी रिमोटमध्येच दुसरा संवेदक बसवला. रिमोट उशाशी ठेवला की उशाचे तापमान मोजले जाते. आता फक्त रिमोट कुणाच्या उशाशी, हा वाद उरला.

आणि हवा म्हणजे काही सगळी उष्णता नव्हे. मराठवाड्यातल्या जुन्या माळवदाच्या घरात भिंत दोन-दोन हात जाडीची, वर लाकडी तुळया, फळ्या आणि त्यावर मातीचा थर. दुपारचे ऊन त्या मातीतून आत झिरपेपर्यंत रात्र व्हायची, आणि रात्री माणसे माळवदावर झोपायला गेलेली असायची. पावसाळ्यात गळणे, दरसाल माती टाकणे, विंचू-सापांची धास्ती हे ज्यांनी भोगले, त्यांनी स्लॅब घातला म्हणून नाक मुरडायचा अधिकार मला नाही. पण स्लॅबचे गणित उलटे आहे. दिवसभर तापलेले काँक्रीट रात्रभर खालच्या माणसांवर उष्णता सोडत राहते. खोलीतली हवा २६ अंशांवर आणली तरी डोक्यावरचे छत अंग भाजत असते. भिंतीवरच्या पट्टीला हे कधीच कळणार नाही. ती हवेत आहे, छताखाली निजलेली नाही.

किती गार म्हणजे पुरे, हा प्रश्नही जागेचाच निघाला. डेन्मार्कच्या ओले फँगर यांनी विद्यार्थ्यांना नियंत्रित खोलीत बसवून प्रयोग केले आणि १९७० साली माणसाच्या सुखद तापमानाचे समीकरण मांडले. जगभरच्या काचेच्या कचेऱ्या त्या समीकरणावर गार झाल्या. त्याच्या आधीच चार्ल्स वेब या ब्रिटिश संशोधकाने रुरकीत आणि बगदादेत माणसांना त्यांच्या रोजच्या जागी गाठून नोंदी घेतल्या होत्या. फर्गस निकल यांनी पुढे त्या तपासल्या, तेव्हा डोक्यावर पंखा असला तर तिथली माणसे ३० अंशांच्या वरही निवांत असल्याचे दिसले. प्रयोगशाळेतला माणूस खुर्चीवरून उठू शकत नव्हता. रुरकीतला माणूस खिडकी लावत होता, सदऱ्याची बटणे सोडत होता, सावलीत सरकत होता. केंद्र सरकारने १ जानेवारी २०२० पासून नव्या एसींवर चालू करताच २४ अंश दिसतील असा नियम केला. विजेच्या दृष्टीने तो शहाणपणाचाच आहे; रिमोटवर १८ आकडा आणला की खोली लवकर गार होते ही समजूत घरोघर आहे आणि ती साफ चुकीची आहे. तरीही २४ हा आकडा हिंगोलीतल्या कुणाला विचारून ठरलेला नाही, हे नोंदवून ठेवावेसे वाटते.

कूलरला आकडा देता येत नाही, पण त्याची मर्यादा निसर्गाने आधीच आखून ठेवली आहे. वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांवरून पाणी ओघळते, कोरडी हवा त्यातले थोडे पाणी पिते, आणि वाफ व्हायला लागणारी उष्णता हवेतूनच जाते. ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक जो आकडा दाखवील त्याच्या खाली कूलर कधीही उतरू शकत नाही. एप्रिलच्या रखरखीत दुपारी तो आकडा बराच खाली असतो आणि कूलर थाटात चालतो. मृगाच्या तोंडावर हवेत दमटपणा आला की तोच कूलर चिकचिक पसरवतो. लोक म्हणतात, ‘कूलर आता काम करंना गेलाय.’ त्याच्या टाकीतला तरंगता गोळा मात्र इमानाने पाण्याची पातळी राखत असतो. ऑटो मेयर यांनी स्वयंचलित नियंत्रणाचा इतिहास लिहिताना या गोळ्याच्या पूर्वजापासून सुरुवात केली आहे: इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातल्या अलेक्झांड्रियात, क्टेसिबिअसच्या जलघड्याळात. म्हणजे या डब्यात स्वयंनियंत्रण आहे, पण ते पाण्याचे. टँकरची वाट बघणाऱ्या गल्लीत त्याचाही उपयोग बेताचाच.

वसमतच्या बाजूला गेले की उष्णतेचा आणखी एक हिशेब दिसतो. ओली हळद काढल्यावर शिजवावी लागते. मोठ्या कढईत किंवा आता वाफेच्या कुकरमध्ये. पाणी एकदा उकळले की खाली कितीही जाळ घाला, त्याचे तापमान शंभराच्या आसपासच थांबते, वरचा जाळ वाफेत जातो. तापमान राखायची चिंता पाण्याने मिटवलेली आहे. उरते ती वेळ, आणि ती कुठल्याही पट्टीला कळत नाही. फेस कसा आला, वास कसा सुटला, काडी टोचली तर सरळ आत जाते का, यावर जाणता माणूस ‘काढा’ म्हणतो. जास्त शिजली तर रंग उतरतो, कमी शिजली तर वाळल्यावर नीट घट्ट होत नाही. वसमत हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले २०२४ साली. काडी टोचणाऱ्याला उन्हाच्या तोंडावर त्या भट्टीशेजारी उभे राहावे लागते ते त्याच्या कितीतरी आधीपासून. भट्टीजवळ आणि स्वयंपाकघरात कूलरचा झोत सहसा पोचत नाही. कूलर बैठकीच्या खिडकीत बसतो, कारण पाहुणा तिथे बसतो. भाकरी थापणाऱ्या बाईच्या कपाळावर थर्मोस्टॅट बसवला असता, तर घरातल्या वाऱ्याची दिशा बदलली असती असे माझे मत आहे.

जागेचा हा पेच औंढा नागनाथला एकदा वेगळ्या अंगाने सोडवला गेला होता. नर्सीचे नामदेव गुरूच्या शोधात औंढ्याला आले, तर विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेव रागावले. विसोबा म्हणाले, जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव. आख्यायिका पुढे सांगते की पाय जिकडे न्यावेत तिकडे पिंड. देवाच्या बाबतीत कुठल्याही जागी मोजले तरी उत्तर तेच. उष्णता एवढी उदार नाही.

त्याच औंढ्याजवळ दुधाळ्याच्या परिसरात आता लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा व्हायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाची तत्त्वतः मंजुरी फेब्रुवारी २०१६ मध्ये मिळाली, आणि सुमारे २६०० कोटींची अंतिम मंजुरी एप्रिल २०२३ मध्ये. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आतून हवा काढून घेतलेल्या. अशा यंत्राला दोन आरशांमधल्या अंतरातला प्रोटॉनच्या रुंदीहूनही हजारो पटींनी लहान फरक टिपायचा असतो. अमेरिकेतल्या वेधशाळांत शुद्ध काचेचे सुमारे ४० किलोंचे आरसे बारीक काचतंतूंवर टांगलेले आहेत. त्यांच्यावर पडणाऱ्या लेझर प्रकाशातला दहा लाखातला एक भागदेखील आरशात मुरत नाही, पण प्रकाशच इतका तीव्र की तेवढ्यानेही आरसा मधोमध तापतो, किंचित फुगतो आणि प्रतिमा बिघडवतो. त्यावर केलेला उपाय मला पहिल्यांदा वाचला तेव्हा उफराटा वाटला. आरशाच्या कडेभोवती एक कड्यासारखा हीटर बसवतात आणि कडही तापवतात. मधला भाग गार करण्याच्या नादी कुणी लागत नाही. मध्य आणि कड यांच्यातली तफावत कमी केली की काम भागते. घराच्या वातानुकूलनात हा विचार मी कधी पाहिलेला नाही.

आरशांची ही दालने बाहेरून थंड ठेवणाऱ्या यंत्रणेची गोष्ट निराळी. तिच्या पंख्यांची थरथर जमिनीतून मोजमापात उतरते, ही लायगोच्या शास्त्रज्ञांची जुनी डोकेदुखी आहे. थरथर शोधून काढण्यासाठी ते कधीकधी मुद्दाम पंखे बंद करून बघतात आणि तेवढ्या वेळात तापमान कुठवर सरकते तेही मोजतात. कूलरची घरघर थांबली की दचकून जागी होणारी माणसे ज्या तालुक्यात आहेत, तिथे पंखा बंद करून कान लावायची वेधशाळा व्हावी, याची मला भारी गंमत वाटते.