हात आखडता घेण्याविषयी

मद्याच्या बाटलीवरून नीतीचा प्रश्न काढणे आमच्या काही वाचकांस रुचणार नाही, हे आम्ही जाणून आहो. परंतु प्रश्न ज्या दाराने आमच्या मनात शिरला त्याच दाराने तो वाचकांपुढे आणणे बरे.

वाणगावी आमचे एक जुने स्नेही राहतात. त्यांच्या पुतण्याने फ्रान्सहून येताना एक बाटली आणली होती. तीवर ठळक अक्षरांत नाव होते ते एका मळ्याचे: ले क्लो. शाब्ली गावानजीक, सरें नदीच्या उजव्या तीरावरील एका टेकडीच्या उतारावर सात मळे सर्वश्रेष्ठ मानले जातात. त्यांतला हा एक. द्राक्ष शार्दोने जातीचे. करणाऱ्याचे नाव खाली, बारीक टाइपात. जमिनीला एवढा मान आणि माणसाला एवढा थोडा, हे पाहून आम्हांस प्रथम नवल वाटले.

नवल वाटण्यास कारणही होते. शार्दोनेला स्वतःचा असा उग्र गंध फारसा नाही. करणारा वळवील तिकडे ते वळते. ओकच्या नव्या पिंपात मुरविले तर व्हॅनिलाचा वास येतो. आंबटपणा बोचत असेल तर जंतूंच्या साहाय्याने तो मवाळ करून लोण्यासारखी चव आणता येते. थंडीमुळे फळात साखर कमी भरली तर रसात साखर घालण्याची मुभा तिकडचा कायदाच देतो. नेपोलियनचा मंत्री शाप्ताल याच्या नावाने ती क्रिया ओळखली जाते. आणि सर्वांत सोपा उपाय म्हणजे दुसऱ्या मळ्याचा चांगला रस मिसळणे. एकाच मळ्याचे नाव लावणारा हा शेवटचा उपाय तर सोडतोच. पण तो सच्चा असेल तर पहिलेही बेताबेतानेच वापरतो. एखादे वर्ष वाईट गेले तर ते वाईट वर्षच तो बाटलीत भरतो.

याचा अर्थ तो स्वस्थ बसतो असा मात्र नव्हे. शाब्लीस वसंतात हिमाची भीती असते. कोवळे कोंब वाचविण्यासाठी रात्ररात्र मळ्यात शेगड्या पेटवाव्या लागतात. २०२१ च्या एप्रिलात तर फ्रान्सभर कोंब करपून गेले. जो माणूस मळ्यासाठी रात्री जागतो, तोच तळघरात गेल्यावर हात आखडता घेतो. हे आम्हांस विशेष वाटते. ज्यासाठी काही केलेच नाही त्याच्यापासून अलिप्त राहणे सोपे आहे.

येथे कोणी १९७६ सालची पॅरिसची परीक्षा पुढे करील. त्या वर्षी फ्रेंच परीक्षकांनी नावे झाकून चव घेतली आणि पहिला मान दिला तो कॅलिफोर्नियाच्या शातो माँतेलेना येथील १९७३ च्या शार्दोनेला. ते घडविले होते क्रोएशियात जन्मलेल्या माइक ग्रगिच यांनी, आणि त्यात निरनिराळ्या ठिकाणची द्राक्षे होती. बर्गंडीचे एकेका मळ्याचे मानकरी मागे राहिले. मग मळ्याच्या नावाचे एवढे कौतुक कशाला? आक्षेप खरा आहे. मिश्रण अधिक रुचकर होऊ शकते हे आम्ही मान्यच करतो. परंतु रुचकर काय, हा एक प्रश्न. आणि जे हाती आले ते कोणाचे म्हणून पुढे करावे, हा दुसरा.

आपल्याकडे तर ‘भूमीच बोलते’ हे म्हणणे अर्ध्याहून अधिक खोटे ठरेल. अकलूज परिसरात मोहिते-पाटील बंधूंच्या भागीदारीतील फ्रातेल्लीने शार्दोने लावले, आणि मद्य घडविण्यास तोस्कानाचे पिएरो मासी आले. सोलापूर जिल्ह्यात शाब्लीचा गारठा कोठून यावा? म्हणून आपले बागाईतदार उन्हाळ्यात खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता गोडी छाटणी करून वेलीचे वर्षच फिरवतात, म्हणजे फळ हिवाळ्यात पिकते. थंड प्रदेश नाही, तर थंड ऋतू गाठायचा! एवढी खटपट झाल्यावरच तेथील मातीस बोलता येते.

आमच्या स्नेह्यांस बाटलीचे विशेष वाटले नाही. आपल्या ताडीवर असे नाव का नसावे, एवढेच ते म्हणाले. सकाळी उतरलेल्या ताडीची चव घेऊन झाड ओळखतो, अशी त्यांची प्रौढी आहे. ताडीत कोणी किण्व घालीत नाही; ते हवेतून, मडक्यातून आपोआप येते आणि उन्हाबरोबर रस आंबत जातो. छेद देणाऱ्यास तिला नटविण्यास सवडच नसते. पाणी घालण्यास मात्र असते, आणि न घालणाऱ्याचे नाव गावात सर्वांस ठाऊक असते.

हे सारे मनात घोळत राहिले त्याचे कारण मद्य नव्हे. बऱ्याच वर्षांपूर्वी याच भागातला एक विद्यार्थी आमच्या वर्गात होता. बापाच्या मिरचीच्या वाडीवर त्याने एक निबंध लिहिला. शुद्धलेखन ढिले, वाक्ये वाडवळी वळणाची. आम्ही तो महाविद्यालयाच्या अंकासाठी तपासला. व्याकरण सुधारले, ते योग्यच. किडका घड काढलाच पाहिजे. परंतु पुढे आम्ही वाक्ये फिरविली, एक संस्कृत सुभाषित घातले, शेवट आमच्या मनासारखा केला. निबंधास बक्षीस मिळाले. मुलाने तो घरी आईला वाचून दाखविला, तेव्हा तिने विचारले, ‘हे तुझ्या सरांनी लिहिलं का रे?’ हे त्यानेच आम्हांस हसत हसत सांगितले.

साखर घालणे हा उपचार की आपली रुची लादणे, याची रेषा शाब्लीतही नेमकी आखता येत नसावी. आम्हांस ती वर्गात तीस वर्षे आखता आलेली नाही. वाणगावहून परतल्यावर आम्ही कपाटातून त्या निबंधाची मूळ प्रत शोधून काढली. तांबड्या शाईखाली त्याची कित्येक वाक्ये आता वाचताच येत नाहीत.